ज्याचं नाव, त्यानं ओ द्यावी

लेथ घरी आणायचा ठरला तेव्हा ब्राह्मीनं, माझ्या मुलीनं, पुण्याहून फोनवर तीन क्रेनवाल्यांचे नंबर दिले. मी एकालाही फोन केला नाही. हे काम आकारामभाऊंनीच करायचं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. आणि हे काम ज्याला चुकूनही सांगू नये असा माणूस जगात एकच होता, तोही आकारामभाऊच. याच लेथनं त्यांचा धाकटा भाऊ खाल्ला होता.

आकारामभाऊ आमच्या आष्ट्याबाहेर, बागणीच्या रस्त्याला मळ्यात राहतात. धंदा एकच, जड मशिनी हलवायचा. कोरेगावपासून तासगावपर्यंत ज्याच्या दारात क्रेन पोचत नाही, त्याच्या दारात आकाराम पोचतो. अंगानं किडकिडीत, नेहरू शर्ट दोन मापं मोठा, आणि गळ्यात कायम एक पंचा. हा दीड टनाचं मशीन हलवतो म्हटलं तर नवखा माणूस हसेल. पण त्यांच्या हातून ताकदीचं काम होतच नाही मुळी. दोन पहारी, लोखंडी पाइपांचे तुकडे, बाभळीचे ठोकळे, जॅक आणि एक दोर, एवढ्यावर ते मशीन बोटा-बोटानं सरकवतात. बोटभर उचललं की खाली ठोकळा, पुन्हा बोटभर, पुन्हा ठोकळा. बघणाऱ्याला झोप येते. मी एकदा म्हटलंही होतं, "भाऊ, तुमच्या परास गोगलगाय बरी." तर म्हणाले, "वजनाला घाई नसती, वैनी. घाई माणसाला असती. म्हणून माणूस मरतो, वजन न्हाई मरत."

ही चेष्टा जुनी, त्यांचा तो धाकटा भाऊ, ज्योतिबा, असतानाची. नंतर चेष्टा करायची छाती झाली नाही.

त्यांच्या कामाची एक रीत आहे. मशिनीच्या चार कोपऱ्यांना चार माणसं. आकाराम स्वतः एका कोपऱ्यावर, बाकी नाथाजी, कृष्णात आणि ज्योतिबा. उचलण्याआधी दर वेळी आकारामभाऊ एकेकाचं नाव घेऊन हाळी देणार. "नाथाजी!" तो म्हणणार, "हाय!" म्हणजे मी माझ्या जागेवर आहे, माझा हात बाहेर आहे, पाय बाहेर आहे. मग "कृष्णात!" "हाय!" मग "ज्योतिबा!" "हाय!" शेवटची हाय आली की मगच पहारीवर भार. दिवसात शंभरदा उचलायचं असेल तर शंभरदा हजेरी. आकारामभाऊंच्या हाताखाली कधी कुणाचं बोटही चेंगरलं नाही ते या हाळीमुळं.

आमच्या गाळ्यातला तो दिवस सोडून.

माझे यजमान धन्यकुमार यांनी सांगलीत भाड्यानं गाळा घेतला आणि त्यात पंजाबातल्या बटाल्याचा जुना, सहा फुटी लेथ आणला. आमच्या जैन बस्तीतल्या, म्हणजे देवळातल्या, उपाध्यांनी मुहूर्त काढून दिला होता. आमचे हे मुहूर्ताच्या बाबतीत भारी कडक. लग्नातही माझ्या मामांनी अंतरपाट धरायला उशीर केला म्हणून मांडवात डोळे वटारले होते. मी पूजेचं ताट घेऊन बाहेर रस्त्यावर जावांबरोबर उभी होते, आणि हे गाळ्याच्या दारात घड्याळ बघत. शेजारच्या गाळ्यात करवत चालू होती की ग्राइंडर, काहीतरी कर्कश चाललं होतं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. एकदम जमीन हादरली आणि मग तो शेजारचा आवाजही थांबला.

लेथ भिंतीशी सरकवायचा शेवटचा टप्पा होता. भिंतीकडच्या कोपऱ्यावर ज्योतिबा. एक पाचर खाली अडकली म्हणून तो मशीन आणि भिंत यांच्या मधे वाकला. तेवढ्यात हाळी झाली. नाथाजीनं हाय म्हटलं, कृष्णातनं म्हटलं, आणि ज्योतिबाच्या नावालाही हाय आली. आकारामभाऊंनी पहारीवर भार दिला, मशीन पाइपावरून घसरलं आणि भिंतीला जाऊन टेकलं. त्या दोहोंच्या मधे ज्योतिबा होता.

टेम्पोत घालून मिरजेला नेला. वाटेत तो शुद्धीवर होता. भावाच्या मांडीवर डोकं ठेवून तो एवढंच म्हणाला, "दादा, मी ओ दिली न्हवती." पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. दवाखान्याच्या दारात गेला.

मग ओ दिली कुणी?

नाथाजी आणि कृष्णात आपापल्या कोपऱ्यावर होते, त्यांनी आयांच्या शपथा घेतल्या. ओ तर तिघांनीही ऐकली होती. मग लोकांनी आपल्या परीनं उत्तर काढलं. मशीनच बोललं म्हणाले. लेथला बळी पाहिजे होता, त्यानं ज्योतिबाचा आवाज काढून हाय म्हटलं. आमच्या गाळ्यात त्यानंतर एकटा कामगार टिकेना. संध्याकाळी कुणी कुणाला हाक मारली की मशिनीतून हाय येते, असं एकानं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मी हसण्यावारी नेत होते, पण खरं सांगते, डबा द्यायला गेले तर त्या गाळ्यात मी यांना नावानं सोडाच, "आवं" म्हणूनही हाक मारली नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावायची.

हे मात्र काही बोलले नाहीत. भूत आहे म्हणाले नाहीत आणि नाही असंही म्हणाले नाहीत. लेथ विकला नाही. मुहूर्त बघणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. आणि घरात एक नवीनच खूळ सुरू झालं. ब्राह्मी लहान होती. हे खालून हाक मारायचे, "ब्राह्मी!" आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "आहे वर, अभ्यास करतीय." झालं! भांडं आपटावं तसे भडकायचे. "तुला विचारलं का? ज्याचं नाव, त्यानं ओ द्यावी!" एरवी मुंगीलाही न दुखवणारा माणूस. मला वाटायचं, आकारामभाऊंच्या हाळीचा यांनी फारच धसका घेतला. कारण तेच वाक्य आकारामभाऊही कामावर म्हणू लागले होते, हे मी नाथाजीकडून ऐकलं होतं.

आकारामभाऊंनी धंदा सोडला नाही. दुसरं येत काय होतं? पण ज्योतिबाच्या जागी त्यांनी चौथा माणूस कधी घेतला नाही. चौथ्या कोपऱ्याला जॅक लावतात. तिघंच काम करतात. आणि हाळी मात्र चार नावांची. "नाथाजी!" हाय. "कृष्णात!" हाय. मग "ज्योतिबा!" आणि हे नाव घेतल्याबरोबर आकारामभाऊ गळ्यातल्या पंच्याचं टोक दातांत घट्ट धरतात. श्वासभर थांबतात. मग मानेनं खूण करतात आणि भार देतात. नव्या गिऱ्हाइकाच्या अंगावर काटा येतो. जुने सांगतात, हुंदका आवरतोय बिचारा. मीही तेच समजत होते.

आमच्यात भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी असते. घरोघर जायचं, हात जोडायचे, उत्तम क्षमा म्हणायचं. जाणता अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा. ही माफी इतकी मोठी की त्यात सगळं बसतं, आणि म्हणूनच नेमकं काय चुकलं ते कुणी सांगत नाही, विचारतही नाही. हे दर वर्षी त्या दिवशी मोटारसायकल काढून आकारामभाऊंच्या मळ्यात जायचे. एकदा मीही मागे बसून गेले होते. यांनी अंगणात उभं राहून हात जोडले. आकारामभाऊ धावत येऊन म्हणाले, "आवं मालक, तुमचं काय चुकलं? चुकलं तर माजं." आत दारात ज्योतिबाची बायको मनुबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. येताना वाटेत यांनी गाडी थांबवली आणि उसाच्या कडेला जाऊन ओकले. उन्हानं झालं म्हणाले. ढगाळ होतं त्या दिवशी.

गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिरजेची एक मुलगी वाचेचे व्यायाम घ्यायला येते. मोठी गोड पोरगी, पण मला रागवते. "काकू, मी काकांना विचारते आणि उत्तर तुम्ही देता. मग ते कशाला बोलतील? तुम्ही गप्प बसायला शिका." मी कधी गप्प बसले आहे? दारात कुणी आलं, "धनूअण्णा हायत का?" म्हटलं की आतून माझा आवाज ठरलेला, "आहेत, या." ते नुसते बघत राहायचे.

गाळ्याच्या मालकाला गाळा परत हवा होता. मी यांच्या खाटेशी बसून म्हटलं, "लेथ घरी आणू या का? मागच्या गोठ्याचं शेड रिकामंच हाय." यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हटलं, "आकारामभाऊंना सांगते." तर यांनी डाव्या हातानं माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. मला वाटलं, नको म्हणतायत. मी सोडवायला गेले तर मान हलवून हो म्हणतायत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या माणसाचं मन मला वाचता आलं नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मळ्यात गेले तेव्हा आकारामभाऊ खाटेवर बसून पहारीचं टोक घासत होते. मी आडवळणानं सुरुवात केली, शेड कसं आहे, बोळ किती अरुंद. त्यांनी मधेच विचारलं, "त्योच लेथ?"

"त्योच."

त्यांनी पहार खाली ठेवली. "वैनी, मला दुसरं कायबी सांगा. देवळाचा कळस हलवायला सांगा. त्या मशिनीपुढं माज्यानं नाव न्हाई घ्यावणार."

मी उठले. तेवढ्यात आतून मनुबाईचा आवाज आला. "जावा भावजी. दुसरं कुणी हलवंल आन त्येचाबी ज्योतिबा हुईल. जावा तुमीच." ती बाहेर आली नाही. आकारामभाऊंनी खाली ठेवलेली पहार पुन्हा उचलली. मग शेड बघायला कधी येऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आले ते थेट शेडमध्ये शिरले. फरशीवर वीत-वीत अंतरानं पहार आपटत फिरले. ठण्, ठण्, ठण्, आणि एका जागी ढब्ब. "हितं खाली काय हाय?" मला आठवेना. मग आठवलं, आमच्या आजेसासूबाईंचं जमिनीखालचं जोंधळ्याचं पेव होतं तिथं, कधीच बुजवलेलं. "बुजवलं न्हाई, झाकलंय," आकारामभाऊ म्हणाले. "लेथचं डोकं नेमकं हितंच आलं असतं. सहा महिन्यात मशीन आत, आन संगट माणूस." फरशी उकरली. खाली खरोखर काळोख होता, आणि कुजलेल्या धान्याचा वास. त्यांनी मुरूम भरून घेतला, पाणी मारून बसवला, वर सळ्या टाकून काँक्रीट घातलं. ते पिकून घट्ट व्हायला पुरता वेळ दिला. मी घाई केली नाही.

लेथ आणायच्या दिवशी मी मुद्दाम कसलाही मुहूर्त काढला नाही. गाळ्यातून निघताना आकारामभाऊंनी त्याचा चक, म्हणजे काम पकडणारा जड जबडा, उतरवला, सैल भाग हलक्या बाजूला सरकवून बांधून टाकले, खाली दोन्ही अंगांना लांब फळ्या ठोकून पाया रुंद केला. "हिचं सगळं वजन डोक्यात आन पाय बारीक," मला म्हणाले. "अशी बाई आन अशी मशीन, कवा तोल जाईल सांगता येत न्हाई." किती वर्षांनी त्यांच्या तोंडून थट्टा ऐकली. पण हसले नाहीत. मशिनीला त्यांनी हात लावला तो दुरून, एखाद्या परक्या गुराला लावावा तसा.

टेम्पो बोळाच्या तोंडाशी आला. तिथून शेडपर्यंत पाइपांवरून. जमिनीवर लोखंडी पत्रे टाकत, मागून दोर खुंटाला बांधून, बोटा-बोटानं. दर हातभर अंतरावर हाळी. "नाथाजी!" "हाय!" "कृष्णात!" "हाय!" "ज्योतिबा!" आणि पंचा दातांत. सगळी गल्ली दारात उभी होती. पहिल्या काही हाळ्यांना पोरंटोरं खिदळली. मग कुणी हसेना. धोंडुबाई शेजारीण मीठ-मोहऱ्या घेऊन आली होती, ती ओवाळायची विसरून तशीच मुठीत धरून उभी राहिली. त्या नावानंतर जी शांतता पडायची ती ऐकवत नव्हती. प्रत्येक वेळी वाटायचं, आता येणार. आता मशिनीतून येणार.

मशीन शेडमध्ये शिरलं तेव्हा मी यांना चाकांच्या खुर्चीतून मागच्या अंगणात आणलं. ज्योतिबा गेल्यापासून आकारामभाऊंची एक सक्ती असते, काम चालू असताना दारात कुणी थांबायचं नाही. सगळ्यांना पिटाळतात. यांना बघून ते थांबले. "मालक, मशीन तुमची हाय. या." त्यांनी स्वतः खुर्ची आत घेतली आणि मशीन आडवं झालं तरी पोचणार नाही इतक्या लांब, आपल्या पाठीमागं भिंतीला लावून चाकांना ठोकळे दिले. मी खुर्चीच्या दांड्याला धरून उभी राहिले.

शेवटचं काम उरलं होतं. मशीन उचलून धरायचं, पाइप काढायचे आणि ठोकळे काढत काढत काँक्रीटवर टेकवायचं. त्या दिवशी गाळ्यात चाललेलं तेच. भिंतही तशीच, हातभर लांब. नाथाजीचे हात घामानं चमकत होते. त्यानं ते मातीत पुसले.

"नाथाजी!"

"हाय!"

"कृष्णात!"

"हाय!"

"ज्योतिबा!"

आकारामभाऊंनी पंचा दातांत धरला. जॅकच्या कोपऱ्यात अर्थातच कुणी नव्हतं. आणि माझ्या हाताखालची खुर्ची थरथरायला लागली.

"न्हा..." आवाज आला. "न्हाई."

वर्षभरात त्या तोंडातून आलेला हा पहिला शब्द. मी खाली बघितलं. हे पुढं वाकले होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "न्हाई," पुन्हा म्हणाले, या खेपेला स्वच्छ. आणि मग डाव्या हाताची मूठ छातीवर आपटत म्हणाले, "मी. मी. हाय... मी."

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दारात उभा असलेला, मुहूर्त टळतोय म्हणून घड्याळ बघणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढं आला. आपल्याकडे काय, ग्रामसभा असो, रेशनची रांग असो, "आहे हो तो, चला पुढं" म्हणायला कुणाला काही वाटत नाही. तसंच म्हणून गेले असतील. हाय, हाय, चला, उचला. ज्योतिबा तिथंच तर होता, मशिनीमागं, दिसत नव्हता एवढंच.

आकारामभाऊ वळले नाहीत. पाठ आमच्याकडे, पहारीवर हात, पंचा दातांत. पाठीवरचा शर्ट हलत होता. नाथाजीनं पहार सोडून मागं बघितलं मात्र, आकारामभाऊंनी पंचा थुंकला आणि ओरडले, "पहार धर! कुणी हलायचं न्हाई. मशीन अजून वर हाय."

मग त्यांनी हाळी पुन्हा दिली, पहिल्यापासून. "नाथाजी!" हाय. "कृष्णात!" हाय. तिसऱ्या नावाला ते थांबले. तोंड उघडं राहिलं. आणि नाव न घेताच म्हणाले, "द्या भार. सावकाश." पाइप निघाले. एकेक ठोकळा निघाला. प्रत्येक ठोकळ्याला दोन नावांची हाळी. मशीन काँक्रीटवर बसलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. आकारामभाऊंनी पाणसळ काढून मशिनीच्या सपाट बेडवर आडवी ठेवली, उभी ठेवली, एका कोपऱ्याखाली पातळ पत्रा सारला, पुन्हा बघितली. सगळं झाल्यावरच ते आमच्याकडे आले आणि यांच्यासमोर उकिडवे बसले.

"मालक, मी न्हवतो? माज्या त्वांडातनं ओ न्हवती गेली?"

यांनी मान हलवली. नाही.

आकारामभाऊ माझ्याकडे बघून बोलू लागले, यांच्याकडे बघवत नसावं. "वैनी, आमा दोघांचा आवाज एक. आई त्येला हाक मारायची, ओ मी द्यायचो. साळंत मास्तर हजेरी घ्यायचं, त्यो डोंगराला गेलेला असायचा, त्येची हजेरी मीच द्यायचो. सवयच हुती मला. म्हणून मी धरून बसलो हुतो की त्या दिवशीबी मीच ओ दिली. भावाच्या नावानं. माजं मलाच न कळता." त्यांनी पंच्याचं ओलं, चावून चिंध्या झालेलं टोक हातात घेतलं. "हे त्येच्यासाठी. त्येचं नाव घेतलं की माजं त्वांड आपोआप उघडतं का बघायचो. उघडू ने म्हणून दातात धरायचो. झोपंतबी धरलंय मी हे, मनूनं बघितलंय."

हुंदका आवरायला नव्हता तो पंचा. मला रडू फुटलं, आणि रडता रडता असा संताप आला की खुर्ची ढकलून द्यावीशी वाटली. यांनी डावा हात छातीशी नेला होता. हात जोडायचे होते. उजवा मांडीवरून उठत नव्हता. एकच हात तसा हवेत धरून बसले होते.

आकारामभाऊंनी तो हात बघितला. "उत्तम क्षमा लय येळा म्हणलासा, मालक," ते म्हणाले. "दर साली दारात येऊन म्हणलासा. आन मी येडा म्हणत हुतो, तुमचं काय चुकलं." ते उठले. गुडघ्याला हात देऊन उठावं लागलं, एवढे म्हातारे मला ते कधी वाटले नव्हते. "माजं मी बघीन काय ते. पर मनूला मी न्हाई सांगणार. तिला तुमचं तुमी सांगायचं. तुमच्या वतीनं कुणीबी न्हाई." हे शेवटचं माझ्याकडे बघून.

चहा न घेता गेले. दारातून निघताना वळून मशिनीकडे बघितलं. उठताना गळ्यातून गळलेला पंचा खुर्चीपाशी पडला होता, तो त्यांनी उचलला नाही.

ते गेल्यावर मी यांना जे जे बोलले ते इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते, की भूत भूत म्हणून लोकांनी ज्या मशिनीला शिव्या दिल्या, ते भूत तुम्ही बसवलंत आणि रोज त्याच्याशेजारी बसून डबा खाल्लात. एक माणूस स्वतःच्या तोंडाला भ्यायला तुमच्यापायी. ते ऐकत होते. तोंडातून एक शब्द आला नाही. पोरगी व्यायाम घ्यायला आली तेव्हाही नाही. मला वाटलं, जेवढे शब्द उरले होते तेवढे शेडमध्ये संपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ धूत होते. फाटक वाजलं. खिडकीतून बघितलं तर मनुबाई. एकटी. तिला आकारामभाऊंनी काही सांगितलं नव्हतं, नुसतं आष्ट्याला जाऊन ये, धनूअण्णाकडं, असं म्हणाले होते. पण तिच्या रेंगाळत्या पावलांकडे बघून वाटत होतं की तिला अर्धं कळलेलं आहे. ती उंबऱ्याशी थांबली. आत आली नाही.

"धनूअण्णा!" तिनं हाक मारली. "हायसा का?"

माझं तोंड उघडलं. आहेत, या, जिभेवर आलंच होतं. वर्षभराची सवय. मी पदराचं टोक घेतलं आणि दातांत घट्ट धरलं.

मनुबाईनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलत नाही हे तिनं बघितलं. आतल्या खोलीत खाट करकरली. बाहेर एसटी गेली, तिचा आवाज विरला. मनुबाई उंबऱ्यातच उभी होती आणि मी पदर सोडला नाही.

बऱ्याच वेळानं आतून ओ आली.